न विचारता चालू होणारा कंप्युटर

सुशांतचा मला अजिबात हेवा वाटत नाही. हे मी आईला, मित्रांना आणि एकदा हुपरीच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी पावण्यांनाही सांगितलं आहे. (त्यांनी विचारलं नव्हतं.)

सुशांत म्हणजे उचगावच्या आत्याचा मुलगा, माझ्याहून लहान. आत्या आमच्याकडे आली की चपला काढायच्या आधीच सुरू होते, "आमच्या सुशांतचा कंप्युटर नुसतं बटण दाबलं की चालू! कुणाला काय विचारत न्हाय!"

आमचा विचारायचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, त्यामुळे अभ्यासासाठी विंडोजच्या शेजारी लिनक्सही मीच टाकलं होतं. तेव्हापासून कंप्युटर चालू केला की तो यादी दाखवून 'कुठे जायचं?' म्हणून थांबायचा. चटकन उत्तर दिलं नाही, तर स्वतःच लिनक्समध्ये शिरायचा. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, पैंजणांच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर मात्र फक्त विंडोजमध्ये! अप्पा चांदीचं काम टाकून धावायचे आणि हात काळे म्हणून चिमट्यानंच बटण दाबायचे.

"उद्या व्यापारी डिझाइन बघायला येणार," अप्पा म्हणाले. "ऑर्डर मिळाली तर दिवाळीपर्यंत काम हाय. त्यांच्यासमोर मी चिमटा घिऊन पळू व्हय?"

मी मनावर घेतलं. (अप्पांसाठी. सुशांतचा काही संबंध नाही.) यादी लपवली. थांबण्याचा वेळ शून्य केला. आपोआप कुठे जायचं, तिथे विंडोजचा क्रमांक घातला. यादीत वरून तिसरा, म्हणून तीन. इतकं सोपं, की चालवून बघावंसंही वाटलं नाही! त्याऐवजी फोन केला.

"आत्या, आमचाही आता कुणाला विचारत नाही!"

दुसऱ्या दिवशी व्यापारी आले. आईनं चहा दिला. मी ऐटीत बटण दाबलं, आणि समोर आली निळी पाटी! कंप्युटर थेट स्वतःच्या पोटातल्या सेटिंगमध्ये शिरला होता. बाहेर काढला. तो बंद झाला, चालू झाला आणि कुणालाही न विचारता पुन्हा तिथेच गेला. पुन्हा काढला. पुन्हा तिथेच!

"पावणं, जरा थांबा की," अप्पा म्हणाले, "गरम व्हायला येळ लागतो."

"कंप्युटर हाय का बंब?" व्यापाऱ्यांनी कप खाली ठेवला.

"सुशांतला लाव," अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले.

"अप्पा, मी बघतो की..."

"लाव म्हणतोय न्हवं!"

लावला. स्पीकरवर. काय केलं ते सांगितलं. सुशांत हसला असता तर बरं झालं असतं. तो प्रेमानं बोलला! "दादा, यादी एकापासून मोजलीस काय? तिथं पहिल्याला शून्य म्हणत्यात. तुझा विंडोज दोन नंबरला हाय, तीनला सेटिंग."

"पहिल्याला शून्य?" व्यापारी दचकले. "असं मोजलं तर आमचा एक पैंजण कमी भरंल की!"

त्या निळ्या पाटीतच विंडोजचं नाव उचलून सगळ्यात वर कसं न्यायचं, ते सुशांतनं सांगितलं. विंडोज सुरू झालं. डिझाइन दिसली. ऑर्डर मिळाली.

"पोरगं हुशार हाय हं!" निघताना व्यापारी म्हणाले. फोनकडे बघून!

तर सांगायचं म्हणजे, सुशांतचा मला हेवा वाटत नाही. कंप्युटर अडला की अप्पा अजूनही त्यालाच फोन लावायला सांगतात आणि फोन त्यांच्या कानाला मीच धरतो. त्यांचे हात काळे असतात ना! घरात शिकलेलं कुणीतरी लागतंच.