सडायला दिलेलं पोलकं

आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याच्या अलीकडे, हैदराबादच्या रोडला लागूनच बयनाबाईंचं ज्वारीचं वावर होतं. रोडवर लॉऱ्या उलटायच्या आणि त्यांचं काय काय वावरात येऊन पडायचं: फुटकी लाल काच, टायरचे तुकडे, एखाद्या क्लीनरची चप्पल. बयनाबाई ते गोळा करून बुजगावणी उभी करत. एकाच्या छातीवर स्टिअरिंग, दुसरीला तारांचे केस. पाखरं किती भ्यायली देव जाणे, पण बसमधले लोक माना वळवून पाहत.

त्यांचे दीर डोमाजी चिडवायचे, "वयनी, औंदा ज्वारी पेरली का मान्सं?"

"मान्सं. ज्वारी काय, तुमीच खाऊन टाकता."

हळूहळू गावातल्या बाया त्यांच्याकडे वस्तू आणू लागल्या. गेलेल्या माणसाची, घरात ठेववत नाही आणि टाकवतही नाही अशी एखादी. बयनाबाई ती बुजगावण्याला चढवत आणि ऊनपावसावर सोडून देत. दोनतीन वर्षांत ती विरून जाई. तोवर आणणारीचं मनही जरा निवलेलं असे. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसं होत आलं होतं.

१९८८ साली आदिलाबादचे चित्रकलेचे शिक्षक सुधाकरराव बसमधून उतरले ते थेट वावरात शिरले. त्यांनी फोटो काढले, हैदराबादच्या कलादालनांतल्या लोकांना दाखवले. पुढच्या पाच वर्षांत बयनाबाईंची बुजगावणी तिथल्या तीन प्रदर्शनांत उभी राहिली. कार्डावर त्यांचं नाव असे. सुधाकररावांनी ते कधी गाळलं नाही, हे सांगायला हवं. बयनाबाई त्यांना मास्तर म्हणत आणि दरसाल राखी बांधत.

१९९२च्या पावसाळ्यात शेजारच्या सोजरबाईंची चौदा वर्षांची लेक तापाने गेली. दिवाळीनंतर त्या तिचं हिरवं पोलकं घेऊन आल्या. बयनाबाईंनी काठ्यांचं एक लहानखुरं बुजगावणं केलं आणि त्याला ते घातलं.

"किती दिस लागतीन वं?" सोजरबाईंनी विचारलं.

"दोन पावसाळे. मंग हलकं होईन तुले."

एक पावसाळा गेला. हिरवा रंग फिका झाला, एक बाही उसवली. सोजरबाई रोज बांधावरून पाहून जात. अशात मास्तर नव्या प्रदर्शनासाठी टेम्पो घेऊन आले.

"ते पोलक्याचं सोडून सगळी न्या," बयनाबाई म्हणाल्या.

"बाई, तेच तर सगळ्यांत सुंदर आहे. आठ दिवस फक्त. माझा भरवसा नाही का?"

राखीच्या भावाला नाही कसं म्हणणार? बयनाबाईंनी सोजरबाईंची समजूत काढली आणि मास्तरांना बजावलं, "जसं नेता तसंच आनजा."

आठ दिवसांचे दोन महिने झाले. पत्राला उत्तर नाही. सोजरबाई बांधावर येत, रिकाम्या जागेकडे पाहत आणि परत जात. शेवटी बयनाबाई एकट्याच बसने हैदराबादला गेल्या.

कलादालनात पोलकं काचेच्या पेटीत होतं. कसलंसं औषध लावून पुठ्ठ्यासारखं ताठ केलेलं. उसवलेली बाही शिवलेली. त्यांनी काचेला हात लावला तसा पहारेकरी ओरडला, "अम्मा, मुट्टुकोवद्दू!" त्यांनी हात मागे घेतला.

मास्तर आनंदाने धावत आले. "बाई, आता पन्नास वर्षं याचा धागा हलणार नाही. या संस्थेनं कायमचं ठेवून घेतलंय!"

"मास्तर, मी ते सडायले देल्लं होतं."

ते हसले. "अशी वस्तू सडू द्यायची? लोक रडतात हो इथं."

"लोक काऊन रडून राह्यले? त्यायचं कोन मेलं?"

बयनाबाईंनी पेटी उघडायला सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले, "आता ते माझ्या हातात नाही, बाई."

गावी येऊन बयनाबाईंनी सोजरबाईंच्या अंगणात उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची त्यांची तयारी होती. सोजरबाईंनी एवढंच विचारलं, "पाहू देतात का?"

तेव्हापासून लेकीच्या तिथीला सोजरबाई हैदराबादला जातात. वाट बयनाबाईंना ठाऊक, म्हणून बयनाबाई बरोबर. सोजरबाई तासभर पेटीसमोर बसतात. बयनाबाई बाहेर पायऱ्यांवर थांबतात. मास्तर दिसले तर तोंड फिरवतात. वावरात आता कुणी काही आणून देत नाही.

यंदा, १९९८ सालीही दोघी जाऊन आल्या. परतीच्या बसने निर्मल मागे टाकलं. तेव्हा सोजरबाई म्हणाल्या, "जरासंबी नाही विरलं वं, बयना."