शब्द बदलला

दिनकर गेल्याचं मला पहाटे त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं. पल्लवी रडत नव्हती. रडून झालं असावं. बाकीच्यांना मी कळवू का, असं विचारलं तर म्हणाली, "नातेवाइकाइले कळवलं काका. कॅनडातल्या मार्सेल काकालेही मेसेज टाकला. बाबानंच सांगून ठेवलं होतं, त्याले आधी कळवजो म्हणून." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. दुःख नंतर आलं, आणि ते अजून गेलेलं नाही. पण त्या पहाटे, अंथरुणावर बसल्या बसल्या, माझ्या मनात एकच शब्द घुमत राहिला... आधी. जानेफळच्या शाळेत एका बाकावर बसलेले आम्ही दोघं. आणि आधी कोणाला कळलं, तर दिनकरने कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या एका बेकरीवाल्याला.

चिखलीत दिनकरचा फोटो स्टुडिओ होता, मागेच घर. लोकांच्या हातात मोबाइल आले तशी गिर्‍हाइकं कमी झाली. उरली पासपोर्ट फोटोवाली आणि लग्नसराईतली. रिकाम्या वेळात काँप्युटरवर त्याला बेसबॉलचा एक खेळ सापडला. हा खेळ हातांनी खेळायचा नाही. तुम्हाला एक संघ मिळतो आणि तुम्ही त्याचे व्यवस्थापक. जगभरच्या व्यवस्थापकांच्या संघांशी तुमचे सामने होतात. आमच्या तालुक्यात बेसबॉल कोणी पाहिलेला नाही, दिनकरनेही नाही. मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवत होतो. इंग्रजी नियम वाचून समजावण्यासाठी त्याने मला बोलावून घेतलं आणि गिर्‍हाइकाला फोटोसाठी बसवायच्या बुटक्या स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर मी पुढे वर्षानुवर्षं बसलो.

सगळा खेळ प्रशिक्षणाचा आहे, हे त्याच्या लवकर लक्षात आलं. एका आठवड्यात संघाला एकच गोष्ट शिकवता येते: चेंडूचा वेग, नेमकेपणा, फटकेबाजी किंवा झेल. आणि शिकवणी लागू होते ती फक्त त्या आठवड्यात प्रत्यक्ष सामना खेळलेल्या खेळाडूला. बाकावर बसलेला कोराच राहतो. म्हणजे पोरगा घडवायचा तर त्याला कच्चा असतानाच मैदानात उतरवायचं आणि हरायचं. तिशीनंतर जे शिकलं ते हळूहळू उतरू लागतं. कोण कुठवर जाईल हे खेळाने लपवून ठेवलेलं असतं. खेळाडूचं कसब आकड्यांत नाही, शब्दांत दिसतं. त्या इंग्रजी शब्दांना आम्ही आमचे शब्द लावले: कच्चा, बरा, चांगला, पक्का. सर्वांत वरच्या पायरीसाठी मी 'निष्णात' सुचवला. दिनकर म्हणाला, "काय बे अरुण, पेपर तपासून राह्यला काय? वस्ताद म्हण, वस्ताद!"

दर गुरुवारी दुपारी नवे शब्द लागत. पण आठवडेच्या आठवडे शिकवूनही शब्द तोच राही; आत काही साचतंय की नाही, कळायला मार्ग नसे. मग एखाद्या गुरुवारी माझा फोन वाजे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "बे, शब्द बदलला!"

त्याचे खेळाडू म्हणजे त्याचे 'पोट्टे'. खेळाने दिलेली परदेशी नावं त्याला उच्चारता येत नसत, म्हणून त्याने घरची ठेवली. त्यातला बबन हा सतरा वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. बबनला त्याने प्रत्येक सामन्यात उतरवलं. संघ हरायचा आणि हा हसायचा. मी म्हणायचो, "अरे, तयार खेळाडू विकत घे की." तो म्हणायचा, "तयार घेऊन काय करू? मग मी काऊन लागतो?" माझ्या हाताखालून कितीतरी मुलं गेली. कोणावर मी इतका जीव लावला नाही, आणि माझ्यावर तरी कोणी लावला असेल का, असा प्रश्न मला त्या स्टुलावर पडायचा. पडद्यावरच्या, अस्तित्वातच नसलेल्या पोराचा हेवा वाटणं हास्यास्पद आहे. तरी वाटायचा. कॉलेजातून मी निवृत्त झालो त्या दिवशी समारंभ होता आणि नेमका गुरुवार. दिनकर फोटो काढायला येणार होता. तो आला तेव्हा माझं भाषण संपलं होतं, खांद्यावर शाल पडली होती, नारळ हातात होता. घामेजलेल्या चेहर्‍याने माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "बबन पक्का झाला बे!" त्या दिवसाचा माझा एकमेव फोटो आहे तो नारळासकट, आणि त्यात मी कोणाकडे रागाने बघतोय हे फक्त मला माहीत आहे.

मार्सेल हा त्याच लीगमधला. आधी प्रतिस्पर्धी, मग दोस्त. दिनकर त्याला मोडक्या इंग्रजीत लिही, तो पावाचे फोटो पाठवी. माझ्यासमोरच दोघांचं चाले आणि दिनकर एकटाच खुदकन हसे. काय झालं विचारलं तर, "जाऊ दे, तुले नाही समजनार," म्हणे. ज्याला नियम मी वाचून दाखवले, त्याने मला हे ऐकवावं!

शेवटच्या महिन्यांत दिनकर वरचेवर संभाजीनगरला जाऊ लागला. मला सांगे, लग्नाच्या ऑर्डरी आहेत. तो वाळत चालला होता. मी विचारलं तर, "उन्हातानात फिरून राह्यलो, दुसरं काय," म्हणाला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. पोटातला आजार हाताबाहेर गेल्याचं मला अगदी शेवटी कळलं. तेराव्यानंतर मंगलावहिनींनी काँप्युटर उघडून दिला. कोणी लॉग इन केलं नाही तर संघ बंद पडतो, असं पल्लवीने त्यांना सांगितलं होतं. "भाऊजी, तुमीच पाहा आता," म्हणाल्या.

मी उघडलं. दिनकरने लावून ठेवलेलं प्रशिक्षण आपोआप चालूच होतं; तो नसतानाही त्याचे पोट्टे त्याच्याच सांगण्यावर शिकत होते. आणि मार्सेलला लिहिलेली पत्रं होती. त्यांत संभाजीनगरच्या तपासण्या होत्या, डॉक्टर काय म्हणाले ते होतं, भीतीही होती. मला लग्नाच्या ऑर्डरी आणि त्याला हे सगळं... मी मार्सेलला कोरडं लिहिलं की, मी दिनकरचा मित्र, आता संघ मी बघतो. उत्तर लगेच आलं. त्याने विचारलं होतं, "तुम्हीच का ते कॅचर?"

कॅचर म्हणजे पिचरच्या समोर, खाली उकिडवा बसणारा गडी. चेंडू कसा टाकायचा हे तो खुणेने सुचवतो. आमच्या संघाचा कॅचर पस्तिशीचा, दरवर्षी उतरत चाललेला. त्याला काढ म्हणून मी कितीदा सांगितलं. दिनकरने कधी ऐकलं नाही. मार्सेलने पुढे लिहिलं होतं: मी त्याला म्हटलं होतं, तुझ्या मित्राला सांग. तो म्हणाला, नाही. माझा कॅचर रोज समोर येऊन बसतो. तो घाबरला तर माझा हात थरथरेल.

मी ते किती वेळा वाचलं असेल! निवलो म्हणावं, तर तसंही नाही. जे वाक्य माझं होतं, तेही दिनकरने मार्सेललाच सांगितलं होतं.

आता दर गुरुवारी दुपारी मी स्टुडिओचं शटर अर्धं वर करतो. दिनकरची खुर्ची रिकामी आहे. मी स्टूल ओढून कीबोर्ड मांडीवर घेतो. गेल्या गुरुवारी बबन वस्ताद झाला. हात आपसूक खिशातल्या फोनकडे गेला आणि तिथेच थांबला.

आतून वहिनींनी विचारलं, "बदलला काय शब्द, भाऊजी?"

"हो. बबन वस्ताद झाला."

"अन् कॅचर?"

मी पाहिलं. "उतरला, वहिनी. पक्काचा चांगला झाला."

त्या चहाचा कप ठेवायला बाहेर आल्या आणि पडद्याकडे न बघता म्हणाल्या, "उतरू द्या. त्यालेच बसवा."

म्हणजे कॅचर कोण, हे वहिनींनाही माहीत होतं. मी चहा तसाच ठेवला आणि पुढच्या सामन्यासाठी बबनसमोर त्या म्हातार्‍याचं नाव टाकलं.