प्रेषक: श्री गणेश प्रसन्न

गुरुवार, ९ जानेवारी २०२५. थंडी आहे. नळाला पाणी सकाळीच आले. गाजरे स्वस्त झाली आहेत. दुपारी भाऊजींचा फोन

वनमालाबाईंची रोजनिशीतली नोंद इथेच अर्धवट राहिली, कारण फोनवर त्यांचे धाकटे दीर गहिनीनाथअप्पा ओरडत होते, "वहिनी, हातातलं टाका अन् दुकानात या. आपलं दरपत्रक गायब झालंय!"

चौसाळ्यात हमरस्त्याला अप्पांचे कडबाकुट्टीचे दुकान. जनावरांचा चारा बारीक कापणारी ही यंत्रे ते स्वतः जोडून विकत. एका दूध संघाने यंदा पहिल्यांदाच त्यांच्याकडे दर मागवले होते, सगळ्या सभासदांसाठी. मुदत आज पाचपर्यंत. अप्पांची सून मनिषा हिने हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून दरपत्रक कालच मेल केले होते, आणि संघाचा कारकून म्हणत होता, तुमचे काहीच आले नाही.

वनमालाबाई पोहोचल्या तेव्हा मनिषा संगणकासमोर गाल फुगवून बसली होती.

"त्यांना नीट बघायला सांगितलंस का?"

"सांगितलं, काकू. म्हणतात, कुण्या श्री गणेश प्रसन्नचा मेल आलता. वर्गणीचा असंल म्हणून उडवला."

वनमालाबाईंनी अप्पांकडे पाहिले. अप्पांनी छताकडे पाहिले.

लिंबागणेशचा गणपती म्हणजे अप्पांचा जीव की प्राण. कोऱ्या कागदावर वर ती ओळ पडल्याशिवाय त्यांचे पेन पुढे सरकत नसे. गिरणीत द्यायच्या चिठ्ठीवरही 'श्री गणेश प्रसन्न'. एकदा तर चेकवर लिहून ठेवले, तेव्हा बँकेने तो हात जोडून परत केला होता. सॉफ्टवेअर सुरू केले त्या दिवशी मनिषा जेवायला गेली होती. पडद्यावर पहिला रिकामा रकाना दिसला, तो अप्पांनी सवयीने भरून टाकला. तो रकाना नेमका मेल पाठवणाऱ्याच्या नावाचा होता. खालच्या मेलच्या पत्त्याला त्यांनी हातच लावला नाही, म्हणून मेल सॉफ्टवेअर कंपनीच्या पत्त्यावरून गेला. दुकानाचा कुठे मागमूस नाही.

"मग बदल की नाव!"

"अप्पा हात लावू देईनात!"

"देवाचं नाव पुसायचं? न्हाई जमायचं," अप्पा म्हणाले. "ऑर्डर गेली तर गेली." पण नजर घड्याळावरून हलत नव्हती.

वनमालाबाई स्टुलावर टेकल्या. "भाऊजी, ह्या मनिषाच्या लग्नाची पत्रिका तुम्हीच छापून आणली ना? सगळ्यात वर कोण होतं?"

"गणपती. दुसरं कोण असणार?"

"आणि खाली निमंत्रक?"

"मी."

"कावून बरं? गणपतीलाच निमंत्रक करायचं होतं."

"असं कसं, वहिनी? व्याह्यांचे रुसवेफुगवे काय देवानं काढायचे?"

"मग संघवाल्यांचे फोन देवानं घ्यायचे का?"

मनिषा फिस्सकन हसली. अप्पांनी कान खाजवला. "पण देवाचं नाव कुठंच न्हाई, असं नको."

"पत्राची पहिली ओळ देवाची. पाठवणारे तुम्ही."

"हां, आता बराबर हाय. बदल, पोरी."

मनिषाने दुकानाचे नाव घातले, दुकानाच्या मेलचा पत्ता घातला. पत्ता तुमचाच ना, याची खात्री करायला सॉफ्टवेअरने एक लिंक धाडली. दुकानाचे मेल अप्पांच्या मोबाइलवर यायचे, तशी तीही तिथेच आली, आणि अप्पांनी मोबाइल पाठीमागे लपवला.

"बँकवाले लई बजावतात. लिंकला बोट लावलं की खातं साफ!"

"ही आपणच मागवलीय, अप्पा! दाबा लवकर!"

अप्पांनी डोळे मिटून बोट टेकवले. पत्ता मंजूर झाला आणि मनिषाने दरपत्रक पुन्हा पाठवले. पाच वाजायला आले होते. तिघेही फोनकडे बघत बसले.

फोन वाजला. "आलं बरं का, मालक," कारकून म्हणाला. "दुकानाचं नाव दिसतंय. पण आत पुन्हा श्री गणेश प्रसन्न? म्हणजे कालचा मेलही तुमचाच होता?"

"कालचा देवाचा होता," अप्पा म्हणाले. "आजचा माझा."

"बरं, बरं. घेतलं तुमचं दरपत्रक. निकाल सोमवारी."

संध्याकाळी वनमालाबाईंनी अर्धे वाक्य पुरे केले, भाऊजींचे दरपत्रक वेळेत पोहोचल्याचे लिहिले, आणि खाली एक ओळ घातली: गॅसची टाकी संपली, दुसरी लावली.