कापसाच्या ट्रॉलीवरून पडणारा माणूस

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ते सहज मिळालेलं नाही. आता नागपुरात गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे. गेममधल्या वस्तू खऱ्यासारख्या पडतात की नाही हे पाहणं माझं काम. चेंडू किती उसळतो, गाडी वळणावर कशी कलंडते, माणूस माडीवरून पडला तर हात-पाय कसे जातात. या पडणाऱ्या माणसाला आम्ही रॅगडॉल म्हणतो, म्हणजे चिंध्यांची बाहुली. हाडाला हाड सांध्यानं जोडायचं, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि सोडून द्यायचं. पुढचं गुरुत्वाकर्षण पाहून घेतं.

गावात कोणी विचारलं तर आई सांगते, "कम्प्युटरमधी लोकं पाडते माही पोरगी." खोटं नाही.

सेलू तालुक्यातल्या आमच्या गावी मी रविवारी येते, लॅपटॉप घेऊनच. बाबा खाटेवर असतात. कमरेखालचं त्यांना काही कळत नाही. खाटेशेजारी स्टूल ओढून मी काम करत बसले की ते मान वळवून बघतात. एकदा एक बाहुला जिन्यावरून गडगडत खाली आला आणि पाय वर करून पडला. बाबा खोकला येईपर्यंत हसले.

"याले पाहाय! तुया मामा वरातीत पडला होता, तसाच."

"माह्या भावाले सोडा तुमी," आई चुलीपासून म्हणाली. "त्याले चक्कर आलती."

"हो ना. बाटलीतून आलती चक्कर."

बाबा कापूस तुडवायला जायचे. कापूस हलका असतो आणि जागा फार खातो. म्हणून ट्रॉलीच्या चारही बाजूंनी बांबू उभे करून जाळी लावतात, बाया खालून गाठोडी वर देतात, आणि वर एक-दोन माणसं कडेकडेनं गोल फिरत कापूस पायानं दाबत जातात. थर चढतो तशी माणसं वर चढत जातात. शेवटी ती जाळीच्याही वर, उघड्यावर असतात. हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्यात जायची ट्रॉली अशीच भरत होती. बाबा वर होते, आई खाली गाठोडी देत होती. चहा आला. आईनं हाक मारली. बाबा पडले.

एवढंच सगळ्यांना माहीत आहे. बाबांना तर तेवढंही नाही. डोक्याला मार लागल्यानं ती दुपार त्यांच्याकडून पुसली गेली. पाय घसरल्यावर हाक आली की हाकेवर वळले म्हणून पाय घसरला, हे सांगणारं कोणी नाही. सोबतचा गडी पलीकडच्या कडेला पाठमोरा होता.

एका रविवारी भांडी घासून झाल्यावर आई ओल्या हातानं माझ्याजवळ येऊन बसली.

"तुया बापाले पाडून दाखव त्याच्यात."

मला वाटलं गंमत करते आहे. तिचं तोंड तसं नव्हतं.

"नाव घेऊन हाक मारली असती तं जागेवरूनच हो म्हटलं असतं त्यायनं," ती म्हणाली. "मी 'अवो' म्हटलं. तिथं चार बायकाईचे नवरे होते. सगळेच अवो. कोन बलावून राह्यलं ते पाह्याले वळले असतीन."

नवऱ्याचं नाव आईनं आजवर तोंडातून काढलेलं नाही. आमच्याकडे तिच्या वयाची कोणतीच बाई काढत नाही. एवढे दिवस ती हे मनात घेऊन भाकरी थापत होती, आणि मला, शिकलेल्या पोरीला, त्याचा पत्ता नव्हता.

मी म्हणाले, "करतो आई. उत्तर निघते त्याच्यातून." किती भरवशानं म्हणाले! फिजिक्स माझा विषय होता.

मग काही रविवार मी तेच केलं. ट्रॉली केली, बांबू लावले. कापसानं फार छळलं. तो दगडासारखा राहत नाही, पाण्यासारखा वाहत नाही. पाय ठेवला की दबतो, उचलला की थोडासा परत येतो. शेवटी मऊ गोळ्यांचा थर करून भागवलं. उंची आणि वजन बाबांना विचारलं तर ते वैतागले.

"कायले उकरून राह्यल्या मायलेकी? पडलो तं पडलो!"

त्यांच्याएवढ्याच वजनाचा बाहुला कडेला उभा केला आणि चालवून पाहिलं. पडला. पुन्हा चालवलं, नाही पडला. कडेवरच बसकण मारून राहिला. दर वेळी पाऊल बोटभर इकडेतिकडे पडत होतं आणि सगळं बदलत होतं. आई पुढे सरकून बघत होती.

"मंग खरं कोनतं?"

"दोन्ही होऊ शकते, आई."

"होऊ शकते ते नाई विचारलं मी. झालं ते विचारलं."

मी कापसाचं घर्षण कमी केलं, म्हणजे निसरडा केला. आता बाहुला दर वेळी पडायला लागला. हाक नाही, चहा नाही, नुसता उभा राहिला तरी पडायचा. मी तिला म्हणाले, "पाहा, कापूसच घसरडा होता. तुया हाकेचा संबंधच नाई."

"हे कापसानं सांगतलं का तू?"

"आकडा टाकावा लागते त्याच्यात."

"कोनं टाकला?"

"मीच."

  बाबा पडले त्या दिवशी कापूस किती कोरडा होता, बाबांच्या चपलेचा तळ किती झिजला होता, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी जो आकडा टाकीन तेच उत्तर मशीन मला परत देणार होतं. कॉलेजात हे शिकवलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. आईसमोर बसून ते कळणं वेगळं.

"मले टाक त्याच्यात," ती म्हणाली.

मी ट्रॉलीखाली एक बाई उभी केली. लुगडं नेसवणं जमलं नाही, साधीच आकृती होती. आईनं तिच्याकडे खूप वेळ पाहिलं.

"हे तोंड उघडत नाई का?"

"नाई. आवाजाचं वजन नसते त्याच्यात. तिनं हाक मारली काय, नाई मारली काय, वरच्याले काहीच होत नाई."

"लाव."

मी घर्षणाचा पहिलाच आकडा ठेवून चालवलं. बाहुला डगमगला, एक पाय गुडघ्यापर्यंत कापसात गेला, आणि थांबला. पडला नाही. खाली ती बाई तशीच उभी होती.

"पाहाय," आई म्हणाली. "चूप होती तं उभे राह्यले."

"आई, त्याले कानच नाईत. ती तिथं आहे हेही त्याले माहीत नाई. आता पुन्हा लावलं तं पडनही."

"त्याले नसतीन कान," ती म्हणाली. "तुया बापाले होते."

मी पुन्हा लावलं. पडला. पुन्हा लावलं. राहिला. आई उठून जाईल म्हणून मी वाट पाहत होते. ती उठली नाही. पडला की ती डोळे मिटायची. राहिला की माझ्याकडे बघायची, आणि मी पुढचं चालवायची.