नदीच्या वरच्या अंगाला नेणारे मास्तर

व्यंकटराव मास्तर गेल्याची बातमी त्यांच्या मुलानं, सुधाकरनं, लातूरहून फोनवर दिली तेव्हा मी नांदेडच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. जुडी हातात तशीच राहिली... मास्तरांचं वय झालं होतं, बातमी अनपेक्षित नव्हती, तरी या वयातही पोरकं वाटलंच. काही दिवसांनी लातूरला शोकसभा झाली. ती मात्र मला सोसली नाही. सभागृह भरलेलं. एकामागून एक वक्ते उठले आणि सगळ्यांनी तेच सांगितलं, की मास्तर म्हणजे ज्ञानाचा वाहता, निर्मळ झरा. पुन्हा एकदा झरा आला तेव्हा न राहवून मी शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, "अहो, वाहता म्हणजे निर्मळच, हे कशावरून?" मयताच्या घरी हसणाऱ्याकडं पाहावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शेवटी मास्तरांच्या नावानं दर वर्षी पाठांतर स्पर्धा भरवायची असं एकमतानं ठरलं. पाठांतर स्पर्धा! मी बोलायला उठलो नाही. उठलो असतो तर भांडलो असतो. म्हणून हे लिहितो आहे.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. अर्धापूरजवळच्या आमच्या खेड्यातून शिकायला नांदेडला आलेला मी पहिलाच. घरात मराठी, शाळेत उर्दू. त्यामुळं समजून घेण्याचा प्रश्नच नव्हता, आम्ही सगळं पाठच करायचो. आरोग्याच्या पुस्तकात एक वाक्य होतं, 'बहता पानी साफ होता है.' आमचा सगळा वर्ग ते एका सुरात म्हणायचा. आम्ही राहायचो त्या बोर्डिंगाचं पाणीही गोदावरीच्या घाटावरूनच यायचं, आणि पुस्तकानंच सांगितल्यावर शंका घेणार कोण? त्या साली नांदेडात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. व्यंकटराव मास्तर तेव्हा नुकतेच शाळेत लागले होते. वाक्य म्हणून झालं, तसं त्यांनी विचारलं, "कशावरून?" आम्ही पुन्हा तेच वाक्य म्हटलं, जरा मोठ्यानं. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि वर्गाला घेऊन नदीवर गेले. घाटावर थांबले नाहीत. काठाकाठानं वरच्या अंगाला चालत राहिले. वळणापलीकडं बायका पटकीच्या रोग्यांच्या गोधड्या आपटून धूत होत्या आणि ते पाणी वाहत खाली आमच्या घाटाकडं चाललं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बोर्डिंगात पाणी उकळू लागलं. स्वयंपाकी करवादला, "आता पाण्याला बी फोडणी देऊ का?" सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, "मास्टर साहब, किताब पढाइए. नदी मत पढाइए." त्या साथीत आमच्या बोर्डिंगातलं एकही पोर दगावलं नाही. मी धावत जाऊन मास्तरांना म्हणालो, "मास्तर, पाणी उकळलं म्हणून आपण वाचलो!" मला शाबासकी हवी होती. मास्तर म्हणाले, "उकळलं म्हणूनच वाचलो, हे कशावरून? विहिरीचं पाणी पिणारेही वाचलेच की काही." असा हा माणूस! त्यांच्या बाजूनं बोललं तरी सुटका नव्हती.

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा असायची आणि परीक्षक बाहेरगावचे यायचे. माझ्या वडिलांनी, आबांनी, मला शाळेत घालतानाच सांगून ठेवलं होतं, एकदा जरी नापास झालास तरी परत येऊन नांगर धरायचा. परीक्षेआधी मी मास्तरांना विचारलं, "पाण्याचं विचारलं तर काय सांगू?" ते म्हणाले, "ते तुझं तू ठरव." त्यांच्यावर मी इतका चिडलो, की नमस्कारही न करता निघालो. माझं शिक्षण पणाला लागलेलं आणि हे म्हणतात तू ठरव! परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "बहता पानी कैसा होता है?" मला वाक्य येत होतं. ओठांवर आलंही होतं. पण डोळ्यांपुढं त्या गोधड्या आल्या आणि तोंडातून गेलं, "देखना पडता है, साहब." मागं पोरं फिसकन हसली. परीक्षकांना वाटलं मी थट्टा करतो आहे. "बदतमीज," ते म्हणाले, आणि मी नापास झालो.

सुट्टीत मास्तर आमच्या गावी आले. आबा अंगणात पेरणीसाठी ज्वारीचं बी निवडत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"पोराचं वाटोळं केलं तुमी, मास्तर."

"बसू का?"

"बसा की. तुमी बसल्यानं का त्यो पास होणार हाय?"

मास्तर बसले. एक दाणा उचलून म्हणाले, "आबा, हे बी कुठलं?"

"मुदखेडच्या बाजारातलं."

"विकणारा काय म्हणाला?"

"त्यो काय म्हणणार? एक नंबर हाय म्हणला."

"म्हणून घेतलं?"

"आसं कसं घेईन? येडा हाय का मी? दाताखाली फोडलं, पाण्यात टाकून बघितलं, मंग घेतलं."

"तुमच्या पोरानं नदीचं तेच केलं."

आबांचा हात थांबला. मला वाटलं, जिंकलं! आई दाराआडून बघत होती, तिलाही तसंच वाटलं असावं. पण आबा सावकाश म्हणाले, "मी बी बघून घेतलं तर माझं पीक येतं. ह्यानं बघून सांगितलं तर ह्यो नापास व्हतो. आसं का, मास्तर? येवढा जवाब द्या आन् पोराला घेऊन जा."

कोंबड्या येऊन निवडलेले दाणे टिपू लागल्या तरी कुणी त्यांना हाकललं नाही... शेवटी मास्तर म्हणाले, "आबा, माझ्याकडं जवाब नाही."

आबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. "हितं लई मान्सं येत्यात. समद्यांपाशी जवाब आसतो. न्हाई म्हणणारा तुमीच पयला." आणि आईला हाक मारून म्हणाले, "दत्त्याची ट्रंक भर."

म्हणून मी शिकलो. मॅट्रिक झालो, हैदराबादला जाऊन बी. ए. झालो, गावातला पहिला पदवीधर म्हणून हार घालून घेतले. ते सगळं मास्तरांच्या त्या एका 'नाही'वर उभं आहे. त्यांची मात्र पुढच्याच वर्षी लातूरला बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही, आणि मग त्यांनी लातूरही कधी सोडलं नाही. मी शिक्षण खात्यात नोकरीला लागलो. राज्य बदललं, भाषा बदलली, पुस्तकं बदलली. पण उत्तरपत्रिका तपासायला बसलो की शेजारी आदर्श उत्तर ठेवलेलंच असायचं, आणि 'बघावं लागेल' असं लिहिणाऱ्या पोराला गुण द्यायला जागाच नसायची. बैठकांतून मी किती वेळा तोंड वाजवलं! वरिष्ठ हसून म्हणायचे, "दत्तोपंत, चहा थंड होतोय." लातूरला गेलो की मास्तर विचारायचे, "आबांच्या प्रश्नाचं काही सापडलं का?" मी म्हणायचो, "नाही, मास्तर." ते म्हणायचे, "मलाही नाही." आबा जाऊन किती वर्षं झाली, तरी आम्ही दोघं त्यांच्यापुढं नापासच.

शोकसभेहून मी मास्तरांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत त्यांची आरामखुर्ची आणि समोर आल्यागेल्यासाठी एक लाकडी स्टूल. पूर्वी लोक सल्ल्याला यायचे. पोराला कुठल्या कॉलेजात घालू, आलेलं स्थळ बरं आहे का, बोअर कुठं घेऊ. मास्तर सल्ला द्यायचे नाहीत, उलट आठ गोष्टी विचारायचे आणि म्हणायचे, आधी जाऊन बघून या. लोकांना बघून यायचं नसायचं, कुणीतरी सांगायला हवं असायचं. हळूहळू येणारे कमी झाले. सभागृहात एवढी गर्दी करणाऱ्यांपैकी या खोलीत शेवटच्या वर्षांत किती जण आले होते?

"काका, बसा ना स्टुलावर. आता भीती नाही," सूनबाई पाणी घेऊन येत म्हणाल्या. "त्याचा एक पाय हलायचा. दुरुस्तीचं नाव काढलं की मामंजी म्हणायचे, असू दे, त्या निमित्तानं माणूस बघून तरी बसतो. परवा भेटायला येणारं कुणी पडायला नको, म्हणून सुताराकडून पक्का करून घेतला."

मी तरीही वाकून, हातानं दाबून पाहिला. पाय जरासुद्धा हलला नाही. आता कुणीही यावं आणि न बघता बसावं.