पाळकाच्या नावची मूठ

आक्का, मी गाव सोडलं त्या सकाळी एस्टी फाट्यावर उभी व्हती आन आई चुलीपुढनं उठंना. मला वाटंत खायला भाकर करत व्हती. पीठ मळायच्या आधी तिनं एक मूठ काढून मडक्यात टाकली, रोजच्यावानी. आपल्या पाळकाचं घर गावच्या त्या मुठींवरच चालायचं. मला म्हनली, "तिकडं बी आधी पाळकाच्या नावची मूठ. मंग आपली भाकर."

आबा येशूच्या देवळाची घंटा वाजवायचे. फाट्यापत्तुर आले, आन एवढंच बोलले, "पाळकाचं चुकलं तर चव्हाट्यावर नेऊ नगं. आधी त्याच्या उंबऱ्यात जा. पन गप बी बसू नगं."

पनवेलला आलो ते ह्यांच्या कामापायी. तळोज्याच्या प्लांटात लागले, खोकून खोकून गेले. मंग त्याच गेटातनं माजा पोरगा दानियल आत जायला लागला. गावाकडचा धुरळा झटकला की जायचा. इथला छातीत जाऊन बसतो.

ज्वारी सुटली. इथं तांदळाच्या पिठाची भाकर शिकले. मूठ तेवढी सुटली नाय. इथल्या पाळकाला पगार हाय, फ्लॅट हाय, त्याला पीठ कशाला? तरी पिशवी भरली की नेऊन द्यायची. त्याची बायको हसून घ्यायची.

गेल्या साली दानियल शिफ्टमधी भाजला. दवाखान्यात थोडे दिस काढले, आन गेला. पाळक मातीला आलाच नाय. खड्ड्यापाशी थांबलो, ऊन डोक्यावर आलं. शेवटी मंडळीतल्या एका म्हाताऱ्यानं प्रार्थना केली. पाळक फोनवर म्हनला, पळस्प्याला ट्राफिकमधी अडकलो.

मंडळी पेटली. "टावरमधल्या पैसेवाल्यांच्या वाढदिवसाला बरा टायमावर पोचतो!" मला म्हनले, "मावशी, रविवारी भक्तीनंतर मिटिंग हाय. तुमी नुसतं उभं राहून सांगा. तुमच्या शब्दावर त्याला घालवतो."

आक्का, माजी जीभ तयार व्हती. पीठ मुठीत घ्यायची आन परत डब्यात टाकायची. पन आबांचं बोलनं आडवं आलं. शनिवारी रिकामी पिशवी घेऊन त्याच्या दारात गेले.

"पाळकसाहेब, पीठ आनलं नाय. हातानं निघंना. माजा पोरगा तुमच्या प्रार्थनेबिगर मातीत गेला. हे तुमाला सांगाया आले."

पोरसवदा मानूस, दानियलपेक्षा लहान. खाली बघत म्हनला, "मावशी, ते ट्रॅफिक..."

"मी वरडत नाय. मी बसते. तुमी खरं बोला."

त्याची बायको भांडी घासायची थांबली. मंग म्हनला, "मी आदल्या दिवशी दवाखान्यात आलो होतो. दानियलचा चेहरा बघितला. त्यानंतर मला प्रार्थनाच येईना. कबरेपाशी काय बोलणार होतो? रिक्षा अर्ध्या वाटेतून फिरवली."

तो चेहरा मी बी बघितला व्हता. मला बी प्रार्थना आली नव्हती.

"मंग मुकंच येऊन उभं राहायचं व्हतं," मी म्हनले. "तरी चाललं असतं."

येशूला धरला तवा त्याची मानसं पळालीच व्हती. त्यानं परत त्यांनाच हाक मारली. घरी येईपत्तुर तेवढंच मनात व्हतं.

मिटिंगमधी सगळे माज्याकडं बघत व्हते. मी उठले. "मला बोलायचं ते मी त्यांना बोलले. आता ते सांगतील." खाली बसले. पाळक उठला. अडकलो नव्हतो, पळालो, असं सगळ्यांपुढं बोलला.

त्याला ठेवला. पन अर्धी मंडळी आता येत नाय. बाजारात एक बाई मला म्हनली, "पोटच्या पोरापेक्षा पाळक प्यारा झाला व्हय, मावशी?" मी भाजी घेतली आन निघाले.

पुढं एका दुपारी पाळक माज्यासंगं कबरेवर आला. उभा राहिला. काय बोलला नाय. मी बी नाय.

तू फोनवर म्हनतीस, परत ये, खोली रिकामी हाय. आई-आबा तिकडच्या मातीत, हे आन दानियल इकडच्या. घर कुठलं म्हनू, आक्का? पीठ मळायला बसले की हात आधी मुठीसाठी थांबतो. तेवढ्यापुरती मी आईच्या चुलीपुढं असते. परातीत आता एकटीचंच पीठ असतं. दानियलच्या भाकरीचं जे पडायचं, ते पाळकाच्या पिशवीत जातं.

मूठ मोठी झाली हाय.