पॅरिसचा खांदा, पेडगावची बैठक

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात. टेबलाखाली चिंध्या आणि टेबलावर किस्से. चिंध्या संध्याकाळी झाडून काढता येतात. किस्से मात्र गिऱ्हाईक गावभर घेऊन जातं, आणि आमच्याकडं तर माझी चार वर्षांची मुलगी ते घरीसुद्धा घेऊन येते!

त्या आठवड्यात माझी झोप उडाली होती ती नेमकी याच कारणानं. रविवारी पेडगावला, माझ्या माहेरी, येलदरीचे पाहुणे घर बघायला येणार होते. माझ्या भावासाठी, गणेशसाठी. शेती करणाऱ्या पोराला हल्ली मुलगी द्यायला कुणी राजी नसतं. आधीची स्थळं चहा पिऊन, "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. हे एक जुळेल असं वाटत होतं. आणि गणेश त्या दिवशी जे अंगात घालणार होता, त्यावर आमच्या दुकानात कोण काय बोललं ते सगळं माझ्या ईश्वरीला तोंडपाठ होतं.

मी बीएड आहे. बालमानसशास्त्रात मला चांगले मार्क होते. त्याचा इथं काडीचा उपयोग झाला नाही.

*

सुरुवात टीव्हीपासून झाली. आमचं दुकान सोनपेठला. सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते कापतात. नवरा महेश शिवतो. मी काउंटरवर बसते आणि काळजी करते.

एका बाजाराच्या दिवशी महेशनं दुकानातल्या टीव्हीवर पॅरिसच्या कुठल्याशा बड्या फॅशन कंपनीचा शो लावला. पुरुषांचं नवीन कलेक्शन. खांदे कोपराशी उतरलेले, बाह्यांतून बोटं दिसत नाहीत, पँटी बुटांवर गोळा झालेल्या.

"ह्याला स्ट्रीटवेअर म्हणतेत, आबा. रस्त्यावरच्या पोरांची स्टाईल. आता मोठमोठ्या कंपन्या करायल्यात."

आबांनी चष्मा कपाळावर चढवला. "खांदा उतरलाय."

"तो ड्रॉप शोल्डर हाय!"

"आपल्याकडं असा खांदा उतरला की गिऱ्हाईक शर्ट तोंडावर फेकून मारतंय. तिकडं टाळ्या वाजवायलेत!"

महेश इरेला पेटला. शाळेतून आलेल्या ईश्वरीला त्यानं पुढं ओढलं. तिचा युनिफॉर्म आबांनीच शिवलेला, घोट्यापर्यंत पोचणारा. "मग ह्याला तुमी काय केलंय? तेच की!"

"ते येगळं!" आबा भडकले. "ते वाढतं अंग हाय. फुडच्या साली लागंल म्हणून जागा ठिवलीय. हे घोडे कुठं वाढायलेत?"

ईश्वरीला ते फार आवडलं. पुढं आठवडाभर ती शाळेत सगळ्यांना फ्रॉकचा घेर ओढून दाखवत होती. मी मात्र घाबरले. महेशच्या डोळ्यांत जी चमक दिसली, ती मी आमच्या लग्नाआधी एकदाच पाहिली होती. तेव्हा त्यानं पिवळी पँट शिवली होती.

*

त्याच दुपारी ऊसतोडीला जाणाऱ्या कौसाबाई नवऱ्याचा पायजमा न्यायला आल्या. पायजम्याला काज व्हायचं होतं, म्हणून टीव्हीसमोर टेकल्या.

बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "दोन्ही बाजूनं पंगत बसलीय. मधून पोरं फिरायलेत. अन् वाढंना कुणीच!"

दुकान हसलं. त्या हसल्या नाहीत. लांब बाह्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे मातर बरं हाय. फडात पाचट लागायचं न्हाई हाताला." नंतर जरा पुढं वाकून त्या पोरांचे चेहरे न्याहाळले. "तोंडं बघा की कशी झालीत. मुकादमानं शिव्या घातलेल्या दिसत्यात."

महेशला यातलं एकच वाक्य ऐकू आलं. "बघ," तो मला म्हणाला, "आपल्या लोकांनाबी बाही आवडली!"

दुसऱ्याच दिवशी त्यानं जाड काळं कापड आणलं.

*

सँपल तयार झालं. काळी, टोपीवाली, ढगळी हूडी. महेशनं ती दाराशी हँगरला लटकवली. वाऱ्यानं हलायची. मला प्रत्येक वेळी वाटायचं, कुणीतरी आलंय.

भजनी मंडळातले दगडूतात्या बटन लावून घ्यायला आले ते दारातच थबकले. वर बघितलं, खाली बघितलं.

"कुनाचं रं हे?"

"नवी फॅशन हाय, तात्या. पॅरिसची."

"मला वाटलं, मेलेल्याचं हाय. घरच्यांनी वाटायला काढलंय."

आमच्याकडं माणूस गेलं की दिवस झाल्यावर त्याचे कपडे कुणाला तरी देतात. घेणारा आपला बारीक, गेलेला धिप्पाड, मग ते असेच अंगावर लोंबतात. तात्यांची काही चूक नव्हती. चूक ही, की टेबलाखाली चिंध्यांत ईश्वरी बसलेली होती.

संध्याकाळी कॉलेजचा एक पोरगा आला. त्यानं हूडी घातली, आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, केस बसवले. महेश श्वास रोखून उभा. पहिलं गिऱ्हाईक!

टेबलाखालून आवाज आला. "काका, हे मेलेल्याचं हाय का?"

पोरानं हूडी काढली, घडी घातली, काउंटरवर ठेवली आणि गेला. चपला तशाच हातात घेऊन!

*

मला वाटलं, संपलं. आता ती हूडी भांडी पुसायला येईल. पण माझ्या नशिबात भाऊ होता.

गणेश बियाणं न्यायला सोनपेठला आला. हूडी घातली, टोपी डोक्यावर ओढली आणि आरशासमोरून हलेचना.

"अक्का, रविवारी हेच घालनार."

"अरे, काळं? पाहुण्यांसमोर? तेबी असलं?"

"दरवेळी पांढरा शर्ट घालून बसलो. काय झालं? पांढऱ्या शर्टात मी समद्यांसारखाच दिसतो गं. शेतकरी."

महेशनं मात्र मेव्हण्याला मिठीच मारली. "दाजी, पैशे?" गणेशनं विचारलं. "येडा हाय का! माझं पहिलं मॉडेल हाय तू!"

स्थळ मोडलं तर आई काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू यायला लागलं. जावयानं सोंग चढवलं, लेक बघत बसली. आयुष्यभर प्रत्येक दिवाळीला हेच.

*

माणूस घाबरला की विज्ञानाकडं वळतो. मी दुपारी आबा डुलकी घेत असताना हूडी उकळत्या पाण्यात बुडवली. आटेल. निदान खांदा तरी जागेवर येईल.

वाळली. तेवढीच राहिली. उलट लोंबून बोटभर वाढल्यासारखी वाटली.

दोरीपाशी आबा येऊन उभे राहिले. "सूनबाई, माझ्या दुकानातलं कापड आधी भिजवल्याबिगर कातरीखाली जात न्हाई. न्हाई आटायचं ते." आणि जाता जाता म्हणाले, "मीबी कालच बघितलं भिजवून."

म्हणजे घाबरलेली मी एकटीच नव्हते! त्यानं धीर यायला हवा होता. पण आबांसारखा माणूस घाबरलाय हे कळल्यावर माझा उरलासुरला धीरही गेला.

*

शनिवारी मी ईश्वरीला समोर बसवलं. पुस्तकात लिहिलंय तसं, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, शांत आवाजात.

"उद्या पाहुणे आले की आपण मामाच्या कपड्यांबद्दल काही बोलायचं नाही. बरं का?"

"बरं."

"काय बोलायचं नाही?"

"मला काय म्हाईत."

"ते... तात्या म्हणाले होते ते. मेलेल्याचं वगैरे."

तिचे डोळे चमकले. "हां! ते मी इसरले होते!"

*

रविवार. पेडगावच्या घरी बैठकीत सतरंजी. एका बाजूला येलदरीचे पाहुणे: मुलीचे वडील, काका आणि मुलगी शीतल. आता मुलीही घर बघायला येतात, बरंच आहे म्हणा. दुसऱ्या बाजूला आम्ही. महेश, आबा, आई, आणि मधोमध काळ्या हूडीत गणेश. मी दाराशी, ईश्वरीचा हात घट्ट धरून.

पोहे झाले. विहिरीला पाणी किती, रस्ता कधी होणार, सगळं झालं. गणेश नीट बोलत होता. शीतल मान खाली घालून ऐकत होती. माझा श्वास जरा मोकळा झाला.

मग चहा आला. गणेशनं कप उचलला आणि त्याची पॅरिसची बाही सरळ बशीत बुडाली. चहा पीत ती वर आली. सतरंजीवर टप टप थेंब.

आईनं डोळे मिटले. आबा खोकले. मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला आणि गणेशकडं पहिल्यांदाच खांद्यापासून मनगटापर्यंत, सावकाश, बघितलं.

"पाव्हणं, हे एवढं ढगळं कशाला म्हनायचं? कुनाचं मागून आणलंय का?"

गणेश बाही पिळायला लागला. महेशनं "ड्रॉप शो..." एवढंच म्हटलं आणि आबांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला. शीतलनं मान वर केली होती.

माझ्या हातातला हात निसटला. ईश्वरी सतरंजीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मी पुढं झेपावले, पण पदर कडीत अडकला. तिनं पाहुण्यांकडं बघितलं, गणेशकडं बघितलं, आणि तिचे ओठ मिटले. 'मे' म्हणताना मिटतात तसे.

ईश्वरीनं त्या हूडीचा घेर दोन्ही हातांनी ओढून पाहुण्यांना दाखवला.

"मामीसाठी जागा ठिवलीय!"